मयतीचा निरोप

बोरमळ्यात पहिला एसटीडी बूथ सुरू झाला तो १९९५च्या ऑक्टोबरात. राहू आणि खुटबाव यांच्या मधलं हे दीडशे उंबऱ्यांचं गाव. त्याआधी फोन करायचा तर केडगाव स्टेशन गाठावं लागे. बूथ मागासवर्गीयांसाठीच्या कोट्यातून नागसेन ओव्हाळ याला मिळाला होता. नागसेन तेव्हा एकोणतीस वर्षांचा, बारावी पास, दोन मुलांचा बाप, गावाच्या पूर्वेला असलेल्या बौद्ध वस्तीत राहणारा. बूथ वस्तीत काढता आला नाही, कारण टेलिफोनचे खांब एसटी थांब्यापर्यंतच आले होते.

थांब्यासमोर पोपटराव मेमाणे यांचे तीन गाळे होते. एकात खताचं दुकान, एकात सलून, तिसरा रिकामा. पोपटरावांची शेवंती रोज पुण्याच्या फूलबाजारात जाई. भाव कळायला गावात फोन असावा असं सगळ्यात जास्त त्यांनाच वाटत होतं. त्यांनी गाळा भाड्याने दिला. कागद केला नाही.

"आपल्याच गावचा पोरगा हाय," ते म्हणाले, "कागद कशाला पायजे?"

काचेची केबिन, लाल आकडे दाखवणारं मीटर, बिल छापणारं छोटं मशीन आणि एक लाकडी टेबल एवढा बूथचा पसारा होता. नागसेन नंबर फिरवून द्यायचा, माणूस केबिनमध्ये जाऊन बोलायचा. बाहेरगावाहून कुणाला फोन आला की नागसेन सलूनमध्ये बसलेल्या एखाद्याला त्या घरी पिटाळायचा. फोन करणाऱ्याने दहा मिनिटांनी पुन्हा लावायचा, अशी पद्धत होती.

पहिली मयत जानेवारीत झाली. धनगरवाड्यावरच्या तानुबाईचा नवरा म्हाळू पहाटे वारला. तानुबाईचे भाऊ भोसरीला एका कंपनीत कामाला होते. ती चिठ्ठीवर लिहिलेला नंबर घेऊन स्वतः आली. फोन लागला, पण तिला रडण्याशिवाय काही करता येईना. पलीकडून "हॅलो, कोण बोलतंय, हॅलो" चाललं होतं. नागसेनने केबिनचं दार उघडून रिसीव्हर तिच्या हातातून घेतला.

"मी बोरमळ्यातून बोलतोय," तो म्हणाला. "तुमचे दाजी म्हाळू गेले, आज पहाटे. माती दुपारी दोनला हाय. ताई इथंच हायत."

घरी त्याने हे सांगितलंही नाही. सांगण्यासारखं काही घडलं असं त्याला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या मयतीला घरचा माणूस आला, त्याने नंबरांचा कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "तानुबाईच्या वक्ताला तूच सांगितलंस म्हणं. मंग आमचंबी सांगून टाक." नागसेनने पाच ठिकाणी सांगितलं. तिसऱ्या मयतीला कागद घेऊन आलेला माणूस फोन लागेपर्यंत थांबला. चौथ्याला थांबला नाही. नागसेनने वहीत कुणाचे पाहुणे कुठे, त्यांचा नंबर काय, शेजारचा नंबर असेल तर कुणाच्या नावाने निरोप ठेवायचा, हे लिहून ठेवायला सुरुवात केली. काम नीट व्हावं असं त्याला वाटे.

"तुझा आवाज बरा हाय," पोपटराव एकदा सलूनच्या बाकावर बसून सगळ्यांदेखत म्हणाले. "इकडचं तिकडचं बोलत न्हाईस. माणूस गेला, माती कवा, संपलं."

मार्चअखेरपर्यंत अशा सात मयती झाल्या. याच महिन्यांत गावातून इतर निरोपही गेले. मुलगा झाला, सुपारी फुटली, पोलीस भरतीत नाव लागलं. ते सगळे ज्याचे त्याने सांगितले, केबिनचं दार उघडं टाकून, थांब्यावरच्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. नागसेनच्या ते लक्षात आलं, पण नंतर.

सातवी मयत पोपटरावांच्या भावकीतली होती. त्यानंतर आठवड्याने, ज्वारीची खळी उरकल्यावर, नागसेन सकाळी बूथ उघडायला गेला तेव्हा पायरीवर एक लहान पोतं होतं. त्यात दोनेक पायली ज्वारी होती. सलूनवाला म्हणाला, पोपटरावांच्या गड्याने ठेवलं. फोनचं बिल त्या लोकांनी त्याच दिवशी दिलं होतं. नागसेनने ज्वारी सायकलला बांधून घरी नेली आणि बायकोला, रश्मीला, सांगितलं की मेमाण्यांनी भेट दिली.

त्याचे वडील साहेबराव ओट्यावर बाजेवर बसले होते. वय सत्तरीच्या आसपास. दौंडला रेल्वेत गँगमन म्हणून त्यांची नोकरी झाली होती, आता पेन्शन होती. त्यांनी पोत्यात हात घालून मूठभर ज्वारी काढली, बघितली आणि परत टाकली.

"कुणाची?"

"पोपटआप्पांची. त्यांच्या चुलत्याच्या मयतीचे फोन मी केले होते ना."

"हातात दिली?"

"न्हाई. मी नव्हतो तवा."

"मंग कुठं व्हती?"

"पायरीवर."

"सलूनवाल्याकडं का न्हाई ठिवली? तो तर उघडा व्हता."

 साहेबरावांनी पोत्याचं तोंड दुमडलं. मग त्यांनी विचारलं, "किती जणांचं सांगितलंस आजवर?"

"सात."

"आन् मला आज सांगतोस."

साहेबराव तीस वर्षांचे होईपर्यंत बोरमळ्याचे तराळ होते. गावकीची कामं वस्तीतल्या घरांत पाळीने फिरत. मेलेलं ढोर ओढणं, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढे पळणं आणि गावात कुणी मेलं की पाहुण्यांच्या गावी पायी जाऊन सांगणं. साहेबराव चांगले चालत, म्हणून मयतीचं काम बहुतेक वेळा त्यांच्याकडे येई. पारगाव, न्हावरे, एकदा थेट शिरूर. घोडनदीच्या काठी पोचेपर्यंत दिवस मावळला होता. पाहुण्यांच्या दारात जायचं नाही, वेशीत किंवा वळचणीच्या बाहेर उभं राहून ओरडून सांगायचं. घरातली माणसं रडायला लागत, काही वेळा शिव्या देत, कारण वाईट बातमी आणणारा समोर तोच असे. पाणी वरून ओतत. त्याबद्दल सुगीला खळ्यावर धान्य मिळे. ते हातात देत नसत, जमिनीवर ठेवत.

१९५६ला धर्मांतर झालं. पुढच्या वर्षी बोरमळ्याच्या वस्तीने ठरवलं की ढोर ओढायचं नाही आणि मयत सांगायची नाही. गावाने वस्तीचं दळण, किराणा आणि मळ्यातलं काम बंद केलं. साहेबराव त्या वर्षी दौंडला गेले आणि रेल्वेत लागले. गावातलं काम त्यांनी पुन्हा केलं नाही. हे सगळं नागसेनला लहानपणापासून माहीत होतं. जयंतीच्या भाषणात त्याने स्वतः ते दोनदा सांगितलं होतं.

"आबा, पण हा फोन हाय," तो म्हणाला. "धंदा हाय माझा. सरकारनं दिलेला."

"व्हय, धंदा हाय. मंग एखाद्याला पोरगं झालेलं तू कवा सांगितलंस?"

त्याच दिवशी दुपारी नागसेन पोतं घेऊन पोपटरावांच्या मळ्यावर गेला. पोपटराव शेवंतीला पाटाने पाणी देत होते.

"आप्पा, ही ज्वारी पायरीवर राहिली होती."

"तुझीच हाय ती."

"बिल मिळालंय मला."

"बिल फोनचं रं. ही सांगितल्याची. मानाची असती, परत करत न्हाईत." मग थोडं हसून ते म्हणाले, "साहेबानं पाठवलं का तुला?"

वडिलांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान माणसाने त्यांना 'साहेबा' म्हणावं, ही गावातली नेहमीची रीत होती. नागसेनने पोतं त्यांच्या घराच्या ओट्यावर ठेवलं आणि तो निघून आला.

दुसऱ्या दिवशी केबिनच्या काचेवर पांढऱ्या कागदावर निळ्या शाईने लिहिलेली सूचना लागली. 'नंबर लावून मिळेल. निरोप ज्याचा त्याने स्वतः सांगावा. बूथचालक कोणाचाही निरोप सांगणार नाही.'

सलूनमध्ये यावर महिनाभर चेष्टा चालली. "नागसेनचा घसा बसलाय." "आता मरायचं आसंल तर आधी पोष्टकार्ड टाका." एप्रिलमध्ये एक मयत झाली, ते लोक कागद घेऊन केडगावला गेले. तिथल्या बूथवाल्याने नंबर लावून दिले आणि बोलायला त्यांनाच लावलं, पण त्याबद्दल कुणी काही म्हटलं नाही. तो केडगावचा मारवाडी होता. पोपटराव भाव विचारायला रोज बूथवर येत राहिले. कागदाकडे बघत नसत.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी आठच्या सुमाराला पोपटरावांची आई धुरपदा वारली. वय पंच्याऐंशीच्या पुढे होतं. नऊ वाजता पोपटरावांचा पुतण्या पप्पू मोटरसायकलवरून बूथवर आला. दौंडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. नागसेनशी त्याचं चांगलं होतं, क्रिकेटचा स्कोअर विचारायला तो रोज यायचा.

"नागसेनभाऊ, आजी गेली," तो म्हणाला आणि कागद पुढे केला. "अकरा नंबर हायत. माती चारला. पयला शिरूरचा लावा, आत्याचा. तिला यायला येळ लागंल."

"बस. लावतो. आत जा तू."

"मी?"

"मग कोण?"

पप्पूने काचेवरच्या कागदाकडे बघितलं. "ते लोकांसाठी ना? आपल्यात कशाला? आन् मयतीचं घरचे सांगत न्हाईत भाऊ. तुमच्याकडचंच सांगतं."

"आमच्याकडचं म्हंजी?"

"म्हंजी," पप्पू अडखळला, "मला काय म्हाईत? तसं असतं म्हणत्यात. चिडताय कशाला, मी काय वाईट बोललो का?"

तो वाईट बोललेला नव्हता. नागसेनने शिरूरचा नंबर फिरवला, रिंग गेली आणि त्याने केबिनकडे बोट केलं. पप्पू आत गेला नाही. त्याने कागद उचलला, मोटरसायकलला किक मारली आणि मळ्याकडे गेला. पलीकडे कुणीतरी उचललं तेव्हा नागसेनने फोन ठेवून दिला.

वीस मिनिटांनी पोपटराव आले. मागे पप्पू होता. घरात आई ताटकळत ठेवून थोरल्या मुलाने थांब्यावर यावं हे गावात कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे खताच्या दुकानातले आणि सलूनमधले सगळे बाहेर येऊन उभे राहिले.

"नागसेन, आजच्या दिवस ऱ्हाऊ दे," पोपटराव म्हणाले. "तुझं काय आसंल ते नंतर बोलू."

"आप्पा, आजी गेल्याचं वाईट वाटलं. मी नंबर लावतो. एकामागं एक अकरा लावून देतो, कुणाला मधी येऊ देणार न्हाई. बोलायचं तेवढं तुम्ही बोला."

"गाळा माझा हाय, हे ध्यानात हाय ना?"

"हाय."

"उद्या बाहेर काढला तर जाशील कुठं?"

 बूथ गेला तर घरात वडिलांच्या पेन्शनशिवाय काही येणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. त्याने पुन्हा शिरूरचा नंबर फिरवला. रिंग वाजायला लागली. पोपटराव केबिनमध्ये गेले. दार ओढायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

फोन त्यांच्या बहिणीने, सिंधूबाईने उचलला. तिच्या नवऱ्याचं शिरूरच्या मार्केट यार्डाजवळ कांद्याचं दुकान होतं. तिचा आवाज बाहेर टेबलापर्यंत ऐकू येत होता.

"दादा? मघाशी तूच लावलावतास का? कट झाला."

"व्हय. सिंधे, आईला जरा जास्त झालंय. निघून ये."

"जास्त म्हंजी? परवा तर चांगली बोलली माझ्याशी."

"जास्त झालंय. ये तू."

"आरं, आज करिश्माला बघायला माणसं यायची हायत नगरवरनं. निघाली आसतील ती आत्तापतूर. उद्या पहिल्या गाडीनं येते की. तवर डाक्टर बोलवा."

"आज ये, सिंधे."

"दादा, आसं कसं? पोरीचं काम हाय. चौथं ठिकाण हाय हे. उद्या येते म्हणलं ना."

पोपटरावांनी रिसीव्हरवर तळहात दाबला आणि ते दारातून बाहेर वळले. मघाचा आवाज राहिला नव्हता.

"ती येत न्हाई म्हणती. तेवढं एक तू सांग, नागसेन. हिला एकटीला. बाकीचे दहा मी सांगतो."

मीटरवरचे आकडे पळत होते. थांब्यावर खुटबावची गाडी येऊन उभी राहिली होती आणि तिच्यातले लोकही खिडकीतून बघत होते. नागसेनने दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

"बहीण तुमची हाय, आप्पा," तो म्हणाला. "आई बी तुमची."

सलूनवाला मध्ये पडला. "आरं, सांग की लेका, दोन शब्द तर हायत. का मान मोडती का तुझी?"

"दोनच हायत ना?" नागसेन म्हणाला. "तू सांगतोस? घे."

सलूनवाला दुकानात गेला.  रिसीव्हरमधून "दादा, दादा, हायस का?" असं चाललं होतं. पोपटराव काचेला टेकले. त्यांनी हात काढला.

"सिंधे, आई गेली."

 पलीकडून जे आलं ते ऐकून पोपटरावांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला. थोड्या वेळाने परत कानाला लावला. ते स्वतःही रडत होते.

"ऐक. ऐक, सिंधे. सकाळी आठला गेली. चहा घेतला आन् पडली. तुझं नाव काढलं व्हतं काल. आता ऐक, माती चारला ठिवली व्हती, ती आता तू आल्यावर. सहा वाजू दे न्हाईतर सात. तू आल्याबिगर उचलत न्हाई मी तिला. दाजींना म्हणावं जीप करा. नगरच्या माणसांना कळवा, त्येबी माणसंच हायत."

बाकीचे दहा नंबर नागसेनने एकामागून एक लावले. दौंड, चिंचवड, पारगाव, भोसरी दोन ठिकाणी. दुसऱ्या आणि तिसऱ्या फोनला पोपटरावांचा आवाज फुटला. सहाव्यापासून ते एका दमात सांगायला लागले. माणूस गेला, माती सहाच्या पुढे, संपलं. एक फोन मध्येच त्यांनी पप्पूला दिला. पप्पूने सांगितलं आणि बाहेर येऊन पायरीवर बसला.

पोपटराव केबिनमधून बाहेर आले, बिल दिलं, सुटे पैसे खिशात टाकले.

"महिनाखेर गाळा मोकळा कर," ते म्हणाले.

पप्पू म्हणाला, "काका, हे आत्ता बोलायचं का? चला घरी."

"नंतर बोलायला जीभ व्हनार न्हाई माझी. आत्ताच सांगतो. महिनाखेर."

"बरं," नागसेन म्हणाला.

सिंधूबाई पावणेचारला पोचली. माती सहाला झाली. नागसेनने पाच वाजता बूथ बंद केला आणि तो मातीला गेला. वस्तीतली माणसं मातीला जातात तशी गेली आणि नेहमी उभी राहतात तिथे उभी राहिली. साहेबराव गुडघ्यामुळे गेले नाहीत.

"गाळा गेला का?" त्यांनी नागसेन परत आल्यावर विचारलं.

"गेला. एकतीस तारखेला."

"आमचं सत्तावनला दळण गेलं व्हतं."

"मग काय केलंत?"

"दौंडला दळलं. लांब पडायचं." त्यांनी बाजेवर अंग टाकलं. "ज्वारीबी विकत घ्यायला लागायची."

एकतीस मेला नागसेनने टेबल, मीटर आणि मशीन बैलगाडीत घालून घरी आणलं. केबिन सोडवताना एक काच फुटली. बूथ वस्तीत न्यायचा अर्ज त्याने दौंडला दिला. त्यासाठी पाच नवे खांब लागणार होते आणि ते पावसाळ्यानंतर टाकता येतील असं त्याला सांगण्यात आलं. तेवढे महिने तो केडगावला एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेबनिसाच्या हाताखाली लागला. गाळ्यात पोपटरावांनी फुलांच्या रिकाम्या पाट्या ठेवल्या. शेवंतीचा भाव विचारायला तेही केडगावला येत. समोरासमोर आले तर दोघं बोलत, पावसापुरतं.

त्या चार महिन्यांत बोरमळ्यात पाच मयती झाल्या. केडगावला जाऊन फोन करायला पुन्हा घरचंच माणूस लागणार, आणि शिवाय तासभर जाणार. मेमाण्यांच्या पप्पूला मोटरसायकल होती, त्याने आजीच्या वेळी एका ठिकाणी फोनवर सांगितलंही होतं. गावाने मयत सांगायला त्यालाच पाठवायला सुरुवात केली. पारगाव, राहू, न्हावरे. कॉलेज बुडवून तो जाई.

सप्टेंबरात केडगाव स्टेशनबाहेर तो नागसेनला भेटला. गाडीला पिशवी अडकवलेली, पँटला गुडघ्यापर्यंत चिखल.

"नागसेनभाऊ, तुमचा फोन कवा चालू होतोय?"

"खांब आलेत. महिना जाईल. का?"

"मला लई फिरवत्यात राव. कुणी मेलं की पप्पू. काल पारगावला गेलो तर म्हातारी माझ्याच गळ्यात पडून रडायला लागली. मला कळंना काय करावं. बसवून चहा दिला त्यांनी. घरी म्हणलं, दुसऱ्याला पाठवा, तर म्हणत्यात तुला सवय झालीया."

"किती झाले?"

"पाच. आता पोरं बी हाक मारत्यात, कोण गेलं रं पप्पू." त्याने किकवर पाय ठेवला, पण मारली नाही. "फोन चालू झाला की तुम्ही सांगाल ना?"

"न्हाई," नागसेन म्हणाला. "लावून देईन."

पप्पूने किकवरचा पाय खाली घेतला.

"बरं, लावून द्या," तो म्हणाला. "आमच्यातल्यांना मी आणून हुबं करतो तुमच्या दारात. ज्याचं मेलंय त्यानं बोलावं, मायला. मी न्हाई जाणार आता."